कांदिवलीचा स्फटिक, बाटलीतले थेंब आणि शरीराची सफाई

भाईंदरच्या जेसल पार्कच्या चौपाटीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांत तब्येतीचा विषय निघाला की थोड्याच वेळात एखाद्या छोट्या बाटलीचं नाव येतं. पाण्यात आठ-दहा थेंब टाकून घ्यायचे, शरीरातले जड धातू आणि विषारी द्रव्यं निघून जातात म्हणे. कुणाकडे झिओलाइटचे थेंब, कुणाकडे बेंटोनाइट माती, कुणाकडे शिलाजीत, तर कुणाकडे ‘बहात्तर खनिजं’ असलेलं सरबत. ‘नैसर्गिक’ हा शब्द मात्र सगळ्यांवर ठळक छापलेला असतो. हे घेणारी माणसं भोळी नसतात. हवेत धूळ आहे, भाजीवर फवारे आहेत, समोरच्या खाडीत काय काय वाहून येतं ते रोज डोळ्यांना दिसतं. शरीरातही काही साठत असेल ही काळजी रास्त आहे. म्हणूनच ही खनिजं शरीरात जाऊन नेमकं काय करतात, कुठवर पोचतात आणि कुठे थांबतात, हे टप्प्याटप्प्यानं समजून घ्यायला हवं.

सफाई कोण करतं?

नको असलेली द्रव्यं शरीरात दोन वाटांनी येतात. दारू, औषधं, धूर, धातू हे आपण बाहेरून आत घेतो. बाकीची शरीर स्वतःच तयार करतं : प्रथिनांच्या विघटनातून अमोनिया, जुन्या तांबड्या पेशींतून बिलिरुबिन, स्नायूंच्या कामातून क्रिएटिनिन. ही दुसरी आवक रात्रंदिवस चालू असते. त्यामुळे सफाईसुद्धा रात्रंदिवसच चालावी लागते. वर्षातून एकदा पंधरा दिवस करून भागत नाही.

यकृताचं वजन साधारण दीड किलो. दर मिनिटाला त्यातून दीड लिटरच्या आसपास रक्त जातं, आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग आतड्याकडून आलेला असतो. आपण गिळलेलं आणि आतड्यानं शोषलेलं बहुतेक सगळं आधी यकृतापुढे हजर होतं. तिथे दोन पायऱ्यांत काम चालतं. पहिल्या पायरीवर सायटोक्रोम पी-४५० नावाचे एन्झाइम त्या द्रव्याची रचना बदलतात. हा मधला पदार्थ कधी कधी मूळ द्रव्यापेक्षा घातक असतो. म्हणून दुसऱ्या पायरीवर त्याला ग्लुटाथायोन, सल्फेट किंवा ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून पाण्यात विरघळेल असं केलं जातं. पॅरासिटामॉलच्या गोळीचं उदाहरण घ्या. नेहमीच्या डोसात तिचा थोडाच भाग घातक मधल्या रूपात जातो आणि ग्लुटाथायोन त्याला लगेच पकडतं. गोळ्या फार झाल्या की ग्लुटाथायोन संपतं आणि यकृताच्या पेशी मरू लागतात.

यकृतानं तयार केलेला माल पित्तावाटे शौचातून जातो किंवा रक्तातून मूत्रपिंडांकडे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. किडनी विष शोधून शोधून बाहेर फेकत नाही. ती आधी जवळजवळ सगळे छोटे रेणू गाळून बाहेर काढते आणि मग शरीराला हवं तेवढं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, साखर, पाणी परत उचलून घेते. उरलेलं लघवीतून जातं. गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या खनिजांपैकी बरीचशी याच रांगेत येतात. सफाईसाठी म्हणून घेतलेलं जादा खनिज किडनीच्या दृष्टीनं आणखी एक उपसायची गोष्ट असते.

मग खनिजांचं काम काय?

काम आहे आणि मोलाचं आहे. सायटोक्रोमच्या केंद्रस्थानी लोहाचा अणू बसलेला असतो. तो नसेल तर पहिली पायरीच चालत नाही. दारूचं विघटन सुरू करणाऱ्या एन्झाइमला जस्त लागतं. पेशीत तयार होणारे आक्रमक ऑक्सिजनचे रेणू निवळायला एका एन्झाइमला तांबं आणि जस्त, त्याच्याच दुसऱ्या प्रकाराला मँगेनीज, आणि ग्लुटाथायोनच्या मदतीनं पेरॉक्साइड मोडणाऱ्या एन्झाइमला सेलेनियम लागतं. खनिज स्वतः विष ओढून नेत नाही. विष हाताळणाऱ्या यंत्रणेचा ते एक छोटा, अत्यावश्यक भाग असतं.

शिवणयंत्राला सुई नसेल तर एक टाका पडत नाही. पण एकाला दहा सुया आणून ठेवल्या म्हणून दसपट शिवण होत नाही. खनिजांचं गणित असंच आहे. कमतरता असेल तर ती भरून काढल्यावर सफाई खरोखर सुधारते. कमतरता नसेल तर जादा डोसानं वेग वाढत नाही.

गरज तरी किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलीग्रॅम लोह, स्त्रीला २९ मिलीग्रॅम. कॅल्शियम १००० मिलीग्रॅम. आयोडीन १४० मायक्रोग्रॅम. आणि सेलेनियम फक्त ४० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतक्या बारीक मापात चूक झाली की काय होतं ते अमेरिकेत २००८ साली दिसलं. एका द्रवरूप पूरकात चुकून लेबलवर लिहिलेल्यापेक्षा २०० पट सेलेनियम पडलं. दहा राज्यांत २०१ जणांना बाधा झाली : जुलाब, थकवा, सांधेदुखी, केस गळणं, नखं खराब होणं. आरोग्यासाठी म्हणून घेतलेलं खनिजच विष ठरलं.

कांदिवलीच्या दगडातला पिंजरा

आता त्या थेंबांकडे वळू. झिओलाइट हे काही परदेशी गूढ द्रव्य नाही. भाईंदरहून चर्चगेटची गाडी धरली की मीरा रोड, दहिसर, बोरिवली आणि चौथं स्टेशन कांदिवली. तिथल्या आणि मालाडच्या दगडखाणींतून निघालेले झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीचे स्फटिक जगभरच्या संग्रहांत गेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला. थंड होताना त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी त्या पोकळ्यांत झिरपलं आणि स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगरच्या खाणींतही हे सापडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह पाहायला मिळतो.

झिओलाइटची ताकद त्याच्या बांधणीत आहे. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची जाळी, जाळीत रेणूएवढ्या पोकळ्या, आणि पोकळ्यांत सैलसर बसलेलं सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि पाणी. जवळून दुसरा योग्य आकाराचा, योग्य भाराचा आयन गेला की आतला सोडून तो आत घेतला जातो. पाणी मृदू करायला, कपडे धुण्याच्या पावडरीत, आणि फुकुशिमाच्या २०११ च्या अणुअपघातानंतर पाण्यातलं किरणोत्सारी सिझियम धरायला झिओलाइट वापरलं गेलं. विक्रेते हीच उदाहरणं देतात, आणि ती खरी आहेत.

पण पाण्याच्या टाकीतून माणसाच्या शरीरात आलं की गोष्ट बदलते. झिओलाइट हा दगड आहे. त्याची पूड गिळली तर ती आतड्यातून रक्तात शोषली जात नाही. तोंडातून येते आणि शौचातून जाते. जे काही धरायचं ते तिला आतड्याच्या पोकळीतच धरावं लागतं. शिसं मात्र राहतं हाडांत. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात बसवतं आणि ते तिथे दशकानुदशकं टिकतं. आतड्यातून सरकणारी पूड त्या हाडापर्यंत पोचणार कशी? शिवाय आतड्यात कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियमची गर्दी इतकी असते की सूक्ष्म प्रमाणातल्या शिशाची पाळी येणं कठीण. आणि ही देवघेव दोन्ही बाजूंनी चालते : खाणीतून आलेल्या पुडीत आधीच शिसं असेल तर ते सुटूनही येऊ शकतं.

‘द्रवरूप झिओलाइट’ हा तर आणखी वेगळा प्रकार. दगड पाण्यात विरघळत नाही. तीव्र आम्लानं विरघळवला तर जाळी मोडते, आणि पिंजराच मोडल्यावर पकडणार काय? नितळ थेंबांत झिओलाइट असल्याचा दावा रसायनशास्त्राच्या साध्या नियमात बसत नाही.

हे तत्त्व औषधात वापरता येत नाही असं नाही. किडनी निकामी होत आली की रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यासाठी सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेट नावाचं औषध आहे. अमेरिकेत त्याला २०१८ साली मंजुरी मिळाली. त्याचीही जाळीच आहे, पण पोकळी पोटॅशियमच्या आयनाला नेमकी बसेल अशी प्रयोगशाळेत घडवलेली. तेही आतड्यातच काम करतं. आधी रक्ततपासणी, मग ठरलेला डोस, नंतर पुन्हा रक्ततपासणी, अशी त्याची शिस्त असते. धरायचं काय, कुठे आणि किती, हे ठाऊक असलं की खनिजाचा पिंजरा उपयोगी पडतो. ‘सगळी विषं काढतो’ म्हणणाऱ्या बाटलीला यातलं एकही माहीत नसतं.

खनिज विषावर खरोखर कधी चालतं?

चार प्रसंग सांगतो.

विल्सन नावाच्या आनुवंशिक आजारात यकृत जादा तांबं बाहेर टाकू शकत नाही. त्यावरच्या उपचारांत जस्त दिलं जातं. जस्तामुळे आतड्याच्या पेशींत तांबं धरून ठेवणारं प्रथिन वाढतं, पेशी झडल्या की त्यांच्यासोबत तांबंही निघून जातं. पण निरोगी माणसानं महिनोन्महिने जस्ताचे मोठे डोस घेतले तर हाच परिणाम उलटतो : तांब्याची कमतरता होऊन रक्तक्षय होतो, नसांनाही इजा होते.

दुसरा प्रसंग आयोडीनचा. अणुभट्टीच्या अपघातात किरणोत्सारी आयोडीन हवेत आलं तर थायरॉइड ग्रंथी ते ओढून घेते. आधी पोटॅशियम आयोडाइडची गोळी दिली तर ग्रंथी साध्या आयोडीननं भरून जाते आणि किरणोत्सारी आयोडीनला जागा उरत नाही. खाडीपलीकडे पालघर जिल्ह्यात १९६९ पासून तारापूरचा प्रकल्प आहे. अशा प्रकल्पांच्या आपत्कालीन नियोजनात या गोळ्यांना स्थान असतं. त्या फक्त आयोडीनविरुद्ध चालतात, तेही वेळेत घेतल्या तर.

तिसरा प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ साली किरणोत्सारी सिझियमची बाधा झालेल्यांना ते दिलं गेलं. आतड्यात उतरणारं सिझियम ते धरून ठेवतं, परत शोषू देत नाही.

चौथा आपल्या स्वयंपाकघराच्या सर्वांत जवळचा. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलांच्या आतड्यातून शिसं जास्त शोषलं जातं, कारण शिसं त्याच वाटेनं आत शिरतं. पोटभर लोह-कॅल्शियम मिळणाऱ्या मुलात ती वाट आधीच अडलेली असते. शिशापासून जपणारं खनिज शोधायचंच असेल तर ते नाचणीत, पालेभाजीत आणि सुकटीत आहे.

चारही ठिकाणी विष कोणतं ते ठाऊक आहे आणि परिणाम तपासता येतो.

बहात्तर खनिजं आणि शिलाजीत

‘बहात्तर खनिजं’ हा आकडा भारदस्त वाटतो. निसर्गात मूलद्रव्यं नव्वदच्या थोडी वर आहेत आणि शरीराला अत्यावश्यक खनिजं विसाच्या आत-बाहेर. मग बहात्तरच्या यादीत उरलेली कोणती? शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, ॲल्युमिनियम यांना टाळून ही यादी पुरी होणं फार अवघड आहे. अशा बाटलीच्या पूर्ण यादीत ही नावं स्वतः शोधून पाहा.

शिलाजीत हिमालयाच्या कातळांतून पाझरतं. त्यात ह्युमिक आणि फुलविक आम्लं असतात. चरकसंहितेनं त्याला रसायन प्रकरणात मानाचं स्थान दिलं आहे, आणि वापरण्याआधी शोधन करायला आयुर्वेद सांगतो. कच्चं शिलाजीत थेट कातळातून येत असल्यानं त्यात जड धातू आणि बुरशीची विषं असू शकतात. परंपरेचा मान राखायचा तर परंपरेची ही काळजीही पाळायला हवी. अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २००४ साली बॉस्टनच्या दुकानांतल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी छापून आली. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २००८ साली इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ उत्पादनांत हे प्रमाण सुमारे २१ टक्के निघालं, आणि धातू-खनिजं मिसळून केलेल्या रसौषधींत ते जास्त होतं. धातू काढण्यासाठी घेतलेल्या औषधातूनच धातू पोटात गेला, याहून मोठं नुकसान कोणतं?

बेंटोनाइट मातीचंही तसंच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१६ साली शिसं आढळल्यामुळे अशा उत्पादनाबद्दल जाहीर इशारा दिला होता. आपल्याकडे गरोदरपणात भाजकी माती किंवा पाटीची पेन्सिल खावीशी वाटणाऱ्या बायका घरोघरी माहीत आहेत. त्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते, आणि माती उरलंसुरलं लोहही धरून नेते. अशा बाईला माती नको, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्या हव्यात.

तपकिरी पाण्याची परीक्षा

आरोग्य शिबिरांत आणि प्रदर्शनांत एक टब मांडलेला दिसतो. कोमट पाणी, चिमूटभर मीठ, धातूच्या पट्ट्या आणि वीज. त्यात पाय ठेवायचे. अर्ध्या तासात पाणी तपकिरी होतं, वर फेस आणि तंतू तरंगतात. हे पायांतून निघालेलं विष म्हणून दाखवतात. खाऱ्या पाण्यातून वीज गेली की लोखंडी पट्टी गंजून विरघळते; तो रंग गंजाचा असतो. पाय न ठेवता टब चालू करायला सांगा. पाणी तरीही तपकिरी होईल.

दारावर येणारे पाणी-शुद्धकाचे विक्रेते हाच प्रयोग दोन ग्लासांत करतात. नळाच्या पाण्यात सळया सोडल्या की गाळ दिसतो, यंत्रातल्या पाण्यात दिसत नाही. नळाच्या पाण्यात विरघळलेली खनिजं असतात म्हणून वीज वाहते आणि सळई झिजते. दुसऱ्या ग्लासात खनिजंच काढून टाकलेली असतात. त्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ घालून प्रयोग पुन्हा करायला लावा. तिथेही गाळ येईल. रात्री तळपायाला लावायच्या पट्ट्याही घामाच्या ओलीनंच काळ्या पडतात. भांड्याच्या वाफेवर धरून पाहिलं तरी रंग बदलतो. डोळ्यांना दिसलं म्हणजे शरीरातून निघालं, असं होत नाही.

कुणी विशेष जपायचं?

किडनीचा आजार असलेल्यांनी खनिजांची कुठलीही पूड डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पोटॅशियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम त्यांच्या शरीरात साठतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या पोटॅशियम वाढवतात. त्यावर पोटॅशियमयुक्त ‘कमी सोडियमचं मीठ’ किंवा खनिज थेंब घेणं जोखमीचं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम, लोह किंवा माती यांत निदान चार तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी शोषलीच जात नाही. कोळशाची पूड आणि माती जवळजवळ कुठलंही औषध धरू शकतात. मधुमेहाची किंवा फिटची गोळी अशी वाया गेली तर ते महागात पडतं. गरोदर बायका आणि लहान मुलं यांना तर असलं काही देऊच नये. सैंधव खाणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं की ते मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. रंग देणारी खनिजं इतकी थोडी की त्यासाठी मीठ वाढवणं परवडणारं नाही, आणि पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलेलं नसेल तर आयोडीन मिळत नाही.

बाटली हातात घेतल्यावर

खाद्य पूरक असेल तर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक शोधा. पहिला आकडा परवान्याचा प्रकार सांगतो, पुढचे दोन राज्य आणि त्यापुढचे दोन वर्ष. हा क्रमांक त्यांच्या ॲपवर टाकून परवाना खरा आहे का ते पाहता येतं. त्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना असायला हवी. आयुर्वेदिक औषध असेल तर राज्याच्या आयुष परवान्याचा क्रमांक हवा, आणि विषारी द्रव्यांच्या अधिकृत यादीतला घटक असेल तर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ हा इशाराही. प्रत्येक खनिजाचं नाव आणि मिलीग्रॅममधलं प्रमाण लिहिलेलं नसेल तर बाटली परत ठेवा. जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मागा. तो तुमच्या बाटलीच्या बॅचचा असावा. आणि मधुमेह, कर्करोग, मुतखडा बरा करण्याचा दावा छापला असेल तर १९५४ चा जादुई उपाय आणि आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आठवा. अशा ५४ आजारांच्या जाहिरातींना त्यात मनाई आहे. परवाना असला म्हणजे परिणाम सिद्ध झाला असं मात्र नव्हे. कायद्यानं ओळख पटली, एवढाच त्याचा अर्थ.

विषबाधेचा खरा संशय असेल, म्हणजे बॅटरीच्या, रंगाच्या, सोन्या-चांदीच्या कामात वर्षं गेली असतील, किंवा बरेच दिवस भस्मं घेतली असतील, तर रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. शिसं जास्त निघालं तर रुग्णालयात ते बांधून काढणारी औषधं आहेत, आणि ती देताना किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. बाकी आपल्यासाठी वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या पुरेशा आहेत. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. उत्तनच्या कोळणीकडून घेतलेले सुके बोंबील आणि जवळा कॅल्शियम देतात. माठ, शेवगा, डाळी, तीळ हे लोह आणि जस्त देतात. जेवणाबरोबर लिंबू पिळलं तर लोह अधिक शोषलं जातं आणि जेवणानंतरचा चहा तासभर लांबवला तर ते वाया जात नाही. दर महिन्याला थेंबांच्या बाटलीवर जाणारे पैसे या बाजारावर आणि त्या तपासण्यांवर खर्च करा. सफाई करणाऱ्या यकृताला आणि किडनीला खनिज हवं असतं ते एवढंच, आणि ते इथल्या बाजारात रोज मिळतं.